वसतिगृहातली जागा

"पुढं काय करणार?" मोठ्या सरांनी विचारलं.

शाळा उघडल्याचा पहिला दिवस होता. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली आणि दहावी पास झालेल्या आम्हा पोरांना सरांनी ओट्यावर ओळीनं उभं केलं. आमच्या वाकणवाडीच्या शाळेची ही रीतच होती. लांबडी कौलारू इमारत, तीन शिक्षक, समोर धरणाचं पाणी आणि मागं डोंगर, एवढीच शाळा. पण दर जूनला पास झालेली पोरं यायची आणि सगळ्यांदेखत सांगायची, पुढं कुठं शिकणार ते. खालच्या वर्गातली पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. साताऱ्यात कॉलेज असतं, कराडला आयटीआय असतं, हे आम्हाला असंच कळत आलं होतं.

"आयटीआय करणार. वायरमन," वसंता म्हणाला.

"मामाकडं मुंबईला. अकरावी कॉमर्स," गेनू म्हणाला.

प्रत्येकाला टाळ्या पडत होत्या. माझी पाळी आली. मी शाळेत पहिली आले होते, आणि तेवढे गुण त्या शाळेत आधी कुणालाच पडले नव्हते.

"आणि ही आपली भागू ढेबे," सर म्हणाले. "सांग भागू, मोठ्यानं सांग."

"घरीच हाय," मी म्हणाले.

टाळी वाजवायला उचललेले सरांचे हात तसेच राहिले. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सर म्हणाले, "बरं. वर्गात चला सगळे," आणि पोरं आत गेली.

खरं तर हा प्रश्न मोठे सर कधीच विचारत नसत. तो विचारायचे धुमाळ सर. आणि धुमाळ सर मे महिन्यात धरणाच्या पाण्यात बुडून गेले होते.

मी ओट्यावरून उतरले तेव्हा शाळेमागच्या खोलीच्या दारात धुमाळकाकू उभ्या होत्या. सरांच्या पत्नी. खोली रिकामी करायला त्या आल्या होत्या. पाण्यावरून यायला नको म्हणून जीपनं, घाटाचा लांबचा वळसा घालून आल्या होत्या. हातात अर्धवट बांधलेली वळकटी होती. माझं उत्तर त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. मी मान खाली घातली आणि डोंगराच्या वाटेला लागले. त्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

आम्ही गवळी धनगर. गावाच्या वर माळावर आमची चार घरांची वस्ती, म्हशी, आणि सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचं, गवत. वस्तीवरची दहावीपर्यंत गेलेली मी पहिली मुलगी, आणि ती धुमाळ सरांमुळे. सातवीनंतर आईनं मला म्हशींमागं लावलं होतं. तेव्हा सर डोंगर चढून आले, आबांशी घोंगडीवर बसून ताक प्याले, शाळेचं अवाक्षर न काढता म्हशींच्या गोष्टी केल्या. उठताना म्हणाले, "उद्या पाठवा हं भागूला." आबांनी पाठवलं.

दर जूनला तेच पोरांना घेऊन पाण्यापलीकडं जायचे. कॉलेजात नाव घालायचं, राहायची सोय लावायची, पोरगं रडलं तर एक दिवस जास्त राहायचं, आणि मग परत. एप्रिलमध्ये परीक्षा संपली तेव्हा मला म्हणाले होते, "साताऱ्याला मुलींचं एक वसतिगृह आहे. जागा लवकर भरतात. सुट्टीत एकदा जाऊन तुझं सांगून ठेवतो."

मेच्या शेवटी ते साताऱ्याला गेले. परत येताना शेवटची लाँच चुकली. धक्क्यावरच्या एका कोळ्याची होडी घेऊन निघाले. मध्यावर वळवाचं वादळ उठलं. होडी उलटली. कोळी पोहत काठाला लागला. सर देशावरचे, त्यांना पोहता येत नव्हतं.

बातमी आली तेव्हा आबा म्हैस पिळत होते. त्यांनी चरवी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. बोलले ते निकाल लागल्यावर.

"पोरी, मास्तर तुझ्या कामाला गेला आन् तिकडंच ऱ्हायला. आता त्या माऊलीचं कुकू पुसून तू ऐटीत कालिजात जायचं? मला न्हाई पटत. लोकं काय म्हनतील ते सोड, मलाच न्हाई पटत."

मी भांडले नाही. मलाही पटत नव्हतं. रात्री डोळे मिटले की सरांचा तो आवाज यायचा, तुझं सांगून ठेवतो. मी हुशार नसते, मागंच शाळा सोडली असती, तर त्यांना जावं लागलं नसतं, असं मला वाटायचं. गुणपत्रिका मी आईच्या पेटीत तळाला टाकून दिली होती.

त्या दिवशी दुपार कलल्यावर कुत्री भुंकायला लागली. बघते तर काकू वर चढून येत होत्या. पदर कमरेला खोचलेला, पायात चिखलानं जड झालेल्या चपला. सर हयात असताना त्या कधी वस्तीवर आल्या नव्हत्या. आई लगबगीनं पाणी घेऊन गेली. आबा घोंगडी अंथरून स्वतः उभेच राहिले.

"बसा मामा," काकू म्हणाल्या. "मी कुणाला बोल लावायला नाही आले."

आबा बसले, पण मान वर केली नाही.

"भागूला घरी का ठेवली?"

"बाई, तुमी हे इचारता?" आबांचा आवाज फाटला. "मास्तर कुनापायी गेला, ठाव हाय न्हवं तुमास्नी?"

"कुणापायी?"

"ह्या पोरीपायी. तिची जागा बघाया गेल्ता."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"समदं गाव म्हनतंय. त्यानं सोता हिला सांगितल्यालं, सुट्टीत जातो म्हनून."

"सुट्टीत जातो म्हणाले होते, बरोबर आहे. पण त्या दिवशी नव्हते गेले त्याच्यासाठी." काकू अगदी सावकाश बोलत होत्या. "त्या दिवशी डोळे दाखवायला गेले होते. वाचताना दुखायचे. भागूचं निकाल लागल्यावर बघू, असं मला म्हणून गेले होते."

चुलीजवळ बसलेली मी उठून उभी राहिले. "खरं, काकू?"

"मी त्यांची बायको आहे गं. मला माहीत नसणार?"

आबांनी पहिल्यांदा मान वर केली. कितीतरी वेळ ते काकूंच्या तोंडाकडं बघत राहिले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या आबांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या अंगावरची केवढी मोळी उतरली ते मला दिसत होतं, आणि माझ्याही अंगावरची उतरत होती.

"पर आता हिला नेनार कोन?" आईनं विचारलं. "आमास्नी त्यातलं काय कळतंय?"

"मी नेते," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळच्या लाँचनं."

"लाँचनं?" आबा म्हणाले. "तुमी तर जीपनं आलाय न्हवं."

"जीप बाजारच्या दिवशीच परत जाणार. तोवर जागा राहायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी आबा आम्हाला पोचवायला धक्क्यापर्यंत आले. पाणी अजून खालीच होतं. ओल्या गाळावरून, वाळक्या बुंध्यांमधून बरंच चालल्यावर लाँच उभी होती. माझं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. ती आबांनी डोक्यावर घेतली होती. पेटी आत ठेवून ते उतरले आणि काठावर उभे राहिले.

काकू फळीवर पाय ठेवून थांबल्या. मागं माणसं खोळंबली. लाँचवाला ओळखीचा होता, त्यानं घाई केली नाही. मग काकूंनी माझं मनगट धरलं आणि आत आल्या. मधल्या बाकावर, पाण्याकडं पाठ करून बसल्या. पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. उतरल्यावर बघितलं तर माझ्या हातावर त्यांच्या बांगड्यांचे नाही, बोटांचेच वळ होते. बांगड्या त्यांच्या हातात राहिल्या नव्हत्या.

एसटीत त्या जरा सैल झाल्या. मला विचारलं, "काय शिकायचंय तुला?"

"सर म्हणायचे, सायन्स घे."

"सर काय म्हणायचे ते राहू दे. तुला?"

मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "आमच्या म्हशी पावसाळ्यात घशाच्या रोगानं मरतात. डॉक्टर येईपर्यंत मरून जातात. त्यातलं काहीतरी शिकायचंय."

काकू हसल्या. त्या उन्हाळ्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. "मग सायन्सच लागेल," त्या म्हणाल्या.

साताऱ्याला आधी कॉलेजात नाव घातलं. गुण बघून तिथल्या लोकांनी फार विचारलं नाही. तिथून चालत वसतिगृहावर गेलो. दगडी कुंपण, आत बैठी इमारत, पुढं पडवी, पडवीत लाकडी बाक. रेक्टर निकमबाई पन्नाशीच्या होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नाव?"

"भागू ढेबे. वाकणवाडी."

"अगं बाई, आलीस का!" त्यांचा चेहराच बदलला. "तुझीच वाट बघत होते. म्हटलं, जागा धरून ठेवली आणि पोरीचा पत्ता नाही. धुमाळ सर कुठं आहेत? बाहेर थांबलेत का?"

मी काकूंकडं बघितलं. काकू हलल्या नाहीत.

"काय माणूस हो तो!" निकमबाई सांगतच होत्या. "मेमध्ये आले. म्हटलं, सर, निकालाआधी जागा देत नाही आम्ही. तर म्हणे, पहिली येणार आहे, लिहून देतो. अध्यक्षबाईंना विचारल्याशिवाय मला देता येत नव्हती. तर म्हणाले, बसतो. दुपारभर बसले. मीच म्हणत होते, थांबा थोडं, येतीलच बाई. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बाई आल्या आणि हो म्हणाल्या. मग पळतच सुटले स्टँडकडं. चहासुद्धा अर्धा टाकून."

पेटी हातातून सुटून फरशीवर आदळली.

"काय झालं?" निकमबाईंनी विचारलं.

"ते त्याच दिवशी गेले," काकू म्हणाल्या. "परत येताना. होडी उलटली. मी त्यांची बायको."

निकमबाई खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, "मी थांबवलं हो त्यांना. मीच थांबवलं."

काकू टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही नाही थांबवलं बाई. ते थांबले. जागा घेतल्याशिवाय उठणारा तो माणूसच नव्हता." मग विचारलं, "कुठं बसले होते?"

निकमबाईंनी पडवीतल्या बाकाकडं बोट केलं.

काकू बाहेर गेल्या आणि बाकावर बसल्या. मी त्यांच्यामागं गेले. अंगणात मुली धुणं वाळत घालत होत्या, कुणी मोठ्यानं कविता पाठ करत होतं. काकूंनी बाकावर हात टेकले होते आणि समोर बघत होत्या. सरांनी त्या दुपारी जे बघितलं असेल तेच त्या बघत होत्या, असं मला वाटलं.

"तुम्ही तर म्हणाला होता, डोळे दाखवायला," मी म्हणाले.

"खोटं सांगितलं."

"आबांना पण."

"आबांना पण. खरं सांगितलं असतं तर आली असतीस तू?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग," त्या म्हणाल्या.

"मला नाही राहायचं इथं. मला घरी न्या." मी रडायला लागले. "माझ्यापायीच गेले ते. आबा खरंच बोलत होते."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, की डोळे पुसले नाहीत. मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "भागू, ते काम अर्धं टाकून नव्हते निघाले. करून निघाले होते. दुपारभर बसून त्यांनी ती जागा घेतली. आता तू घरी जाऊन बसलीस तर ती जागा तरी कशाला घेतली त्यांनी? तुला जायचंच असलं तर मी अडवणार नाही. शेवटची लाँच मिळेल अजून. पण नीट विचार करून सांग."

आतून निकमबाईंच्या नाक शिंकरण्याचा आवाज येत होता. आधी आबांच्या मनातलं ओझं काकूंनी काढलं, आत्ता ह्या परक्या बाईच्या, हे माझ्या ध्यानात आलं. पण त्यांच्या स्वतःच्या मनात काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. ते त्यांनी तेव्हा सांगितलं. माझ्याकडं न बघता.

"ते मुक्काम करणार होते त्या दिवशी," काकू म्हणाल्या. "निघताना म्हणाले, उशीर झाला तर राहतो मित्राकडं. मीच म्हटलं, काही झालं तरी आजच या. तेजूला ताप होता. रात्रभर बाबा बाबा करत होती."

तेजू म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. तिला त्यांनी वाईला माहेरी ठेवलं होतं.

"मुक्काम केला असता तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "तू म्हणतेस माझ्यापायी. त्या बाई म्हणतात माझ्यापायी. मी कुणाला सांगू?"

मी सोळा वर्षांची होते. अशा वेळी काय बोलतात ते मला ठाऊक नव्हतं. पण एक आठवलं तसं बोलले.

"मला लहानपणी विंचू चावला होता. आबा तेव्हा खाली चिपळूणकडं तूप विकायला गेले होते. इकडून कुणी निरोप पाठवला नव्हता, पाठवायला माणूसच नव्हतं. वाटेत कुणी वस्तीवरचा भेटला, त्यानं सांगितलं. तर तूप तिथंच टाकून आबा रात्रीचे घाट चढून आले. जळवांनी पाय भरले होते. आईनं नंतर विचारलं, कशाला आला एवढ्या पावसात, दरड आली असती म्हणजे? तर म्हणाले, मला कुठं ठरवून यायचं होतं." मी नाक पुसलं. "तुम्ही सांगितलं नसतं तरी सर आले असते, काकू. तापात पोर आहे हे त्यांना माहीत होतं ना? मग आलेच असते."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग त्या रडल्या. गावात सरांना आणलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, बायका नावं ठेवत होत्या म्हणे. त्या बाकावर मात्र पदर तोंडात कोंबून, वाकून रडल्या. धुणं वाळत घालणाऱ्या मुली थांबून बघायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

शांत झाल्यावर त्यांनी नळावर तोंड धुतलं आणि विचारलं, "मग? राहतेस का येतेस?"

"राहते," मी म्हणाले.

"खाटेला ढेकूण आहेत का बघ आधी. असले तर आजच बाईंना सांग, उद्यावर ठेवू नको."

मी फाटकापर्यंत गेले. "एकट्या कशा जाल पाण्यावरून?" मी विचारलं.

"पाण्यावरून आता कशाला? इथून वाईची एसटी धरते. सामान भाऊ आणेल जीपनं." दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या. "पण पुढच्या जूनला यावंच लागेल. सातवीतली ती शेलारांची मुलगी हुशार आहे म्हणायचे. आणि यंदा दहावीतल्या दोघी आहेत. त्यांना कोण आणणार?"

त्यांनी सामान नेलंच नाही. धुमाळ सरांच्या जागी त्यांना शाळेत शिपायाची नोकरी मिळाली आणि त्या त्याच खोलीत राहिल्या. दर जूनला ओट्यावर पास झालेली पोरं उभी राहायची, आणि दोन-चार दिवसांनी काकू त्यातल्या मुलींना घेऊन लाँचमध्ये बसायच्या. पहिली काही वर्षं मधल्या बाकावर, पाण्याकडं पाठ करून. नंतर कधीतरी काठालाही बसायला लागल्या, असं मला शेलारांच्या मुलीनं सांगितलं.

मी जनावरांच्या दवाखान्यात लागले. माझी निम्मी नोकरी त्याच खोऱ्यात झाली, आबांच्या म्हशींना शेवटपर्यंत मीच लस टोचली. काकू निवृत्त होऊन तेजूकडं राहायला गेल्या. तेजू आता कॉलेजात शिकवते, तिला दोन मुलं आहेत.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडं गेले होते. काकू आत देवापाशी होत्या. तेजू मला चहा देऊन समोर बसली आणि एकदम म्हणाली, "भागूमावशी, तुला एक विचारू? आईला विचारलं की ती विषय बदलते. बाबा त्या दिवशी एवढ्या वादळात होडीनं का निघाले? राहायला मित्राचं घर होतं म्हणतात साताऱ्यात. मग एवढी काय घाई होती?"

देवघरातली घंटी थांबली होती. काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "जागा मिळाली हे मला लगेच सांगायचं होतं त्यांना."